रुखवतातली सायकल

ओरछा गेट, झाँसी
१२ डिसेंबर २०१८

प्रिय गोविंदराव,

नमस्कार. हौसावहिनींनाही सांगा.

तुमचं दिवाळीचं पत्र दिवाळीतच पोचलं आणि उत्तर मार्गशीर्ष लागल्यावर लिहितोय, ह्याची लाज वाटते. रागावू नका. पत्र रोज उशाशी असायचं, सकाळी चष्मा घेताना हाताला लागायचं, आणि मी म्हणायचो, आज लिहू. फोन केला असता, पण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि आमचा फोन सदा लीलाच्या हातात. तिच्या देखत बोलण्यासारखं हे नव्हतं.

इथे सर्व ठीक आहे. थंडी पडली आहे. दिवाकर आणि सूनबाई भोपाळला खुशाल. माझा खोकला नेहमीसारखा. लीला सकाळी छावणीतल्या शाळेत मुलांना कवायत शिकवायला जाते, दुपारी परत येते. तुमची तब्येत कशी आहे? गुडघ्याला तेल लावता का?

तुम्ही विचारलंत, लीला-यशवंताच्या लग्नाला माघातला मुहूर्त धरायचा की वैशाखातला. साखरपुड्यात मीच म्हणालो होतो की रुखवतातली सायकल झाली की तारीख सांगतो. तर कळवायचं असं की सायकल अजून अर्धीच आहे. माझा ह्यात दोष नाही. ह्या सायकलीने माझं डोकं पिकवलंय. जे उरलं होतं तेही.

गोविंदराव, आपल्या वेळी सायकल ही एक वस्तू होती. दुकानात जायचं, काळी बावीस इंची घ्यायची, हळदकुंकू लावायचं आणि बसायचं. बसअड्ड्यावर तिकिटं देण्यात माझी सारी नोकरी गेली, घर ते अड्डा त्याच एका सायकलीवर. तिचा ब्रेक कोणत्या जातीचा आहे हे मला कुणी विचारलं नाही. आता ही डोंगरात चालवायची सायकल म्हणजे वेगवेगळ्या भागांची भाऊबंदकी आहे. एकाचं दुसऱ्याशी जमत नाही. दुसऱ्याचं जमवावं तर तिसरा रुसतो.

मी लीलाला म्हटलं, तयार घे ना. ती म्हणाली, “आजोबा, बाकीच्या मुली रुखवतात काय मांडतात? स्वतः केलेलं. मग मी विकतचं मांडू?” बाकीच्या मुली तोरणं करतात, रुखवताचे लाडू करतात, सुपारीचे नवरा-नवरी करतात. हिला सुई धरता येत नाही, पाना धरता येतो.

आधी सांगाडा घेतला. छावणीत एका कॅप्टनसाहेबांची बदली झाली, त्यांची जुनी सायकल पडून होती, तिचा. ॲल्युमिनियमचा. मी म्हटलं, “लोखंडाचा घे. लोखंड वाकतं पण तुटत नाही.” ती म्हणाली, “लोखंडाचा घाटात चढवून बघा मग!” मी म्हटलं, झाँसीत कुठला आला घाट? इथे कैमासनची टेकडी आणि इकडे तिकडे खडक. तर म्हणते, “इथे नाही आजोबा, तिथे.”

तिथे म्हणजे तुमच्याकडे. साताऱ्याला.

बरं, सांगाडा आला. मग चाकं. रुखवताचं सामान घरातल्या वडीलधाऱ्याने आणायचं, ही आमच्याकडची पद्धत. तिची आजी असती तर तिने आणलं असतं. म्हणून सदर बाजारातल्या दुकानदाराकडे मी गेलो. तो दिल्लीहून मागवून देतो. लीलाने सव्वीस इंची सांगितली होती. दुकानदाराने मला चित्रं दाखवली. एकोणतीस इंची चाक इतकं देखणं होतं, गोविंदराव, रथाचं असावं तसं. मी म्हटलं, मांडवात चार माणसं बघणार, मोठंच शोभेल. मोठी बाब आहे तर मोठीच करू. आली चाकं. किशोरी भैयाकडे नेली. किशोरी म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी पंक्चर काढतो तो, बुंदेली माणूस, जिभेला हाड नाही. त्याने चाक सांगाड्याशी लावून बघितलं आणि साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाला, “दद्दा, जौ ईमें नईं घुसहै. बकरिया खों हाथी की घंटी पैराउत हौ का?”

बकरीला हत्तीची घंटा म्हटल्यावर सगळे हसले. लीलाही हसली. चाकं परत पाठवली. परत पाठवायचं म्हणजे खोका तसाच बांधायचा, चिकटपट्टी लावायची, मग कुरिअरवाल्याची वाट बघायची. त्याला ओरछा गेटची ही गल्ली कधी सापडत नाही. तो चौकातून फोन करतो, “अंकल, बाहर आ जाइए.” मी ह्या वयात खोका घेऊन चौकात! ह्या सगळ्यात कार्तिकाचे कितीतरी दिवस गेले.

मग फोर्क. म्हणजे पुढच्या चाकाला धरणारा चिमटा. हिच्या सायकलीत तो नुसता चिमटा नाही, त्यात स्प्रिंग असते, खड्ड्यात तो दबतो आणि हाताला धक्का बसत नाही. तेही दोन तऱ्हेचे. एकाचा वरचा दांडा सरळ, एकाचा खाली जाड आणि वर बारीक. जुन्या सांगाड्याच्या गळ्यात सरळच जातो. आला जाड दांड्याचा. नाही गेला. परत खोका, परत चौक.

मग मागची दातेरी चक्रं. लीलाला सर्वांत मोठं चक्र जेवणाच्या थाळीएवढं हवं होतं. त्याने चढावर पाय हलका पडतो. मी म्हटलं, एवढं कशाला? तर म्हणाली, “यवतेश्वरचा घाट बघितलात ना तुम्ही?” बघितला होता. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या नातवाने, यशवंताने, आम्हाला गाडीतून वर नेलं होतं. आम्ही सगळे खिडकीतून गाव बघत होतो, ही एकटी रस्ता बघत होती. प्रत्येक वळणाला मान वळवून. ते चक्रसुद्धा आलं आणि परत गेलं.

आणि बकुळावहिनींचं वेगळंच. शेजारच्या. आता ह्या गल्लीत आमच्याखेरीज मराठी बोलणारं घर त्यांचंच होतं, आणि त्याही संक्रांतीनंतर मुलाकडे नागपूरला चालल्या. त्यांनी सायकलीच्या सीटला लोकरीचं कव्हर विणलं आहे. लाल, त्याला खाली मण्यांची झालर. लीलाने ते हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “काकू, ह्यावर बसू कशी?” बकुळावहिनी म्हणाल्या, “अगं, बसायचं कुणी सांगितलंय? मांडायची आहे ना!”

तर हे असं. म्हणून उशीर.

इथपर्यंत सकाळी लिहिलं होतं. मध्ये जेवण झालं, जरा पडलो, पण झोप आली नाही. पुन्हा वाचून बघितलं. वर मी जे लिहिलं त्यातलं बरंचसं खरं आहे. खोडाखोड करत नाही, कागद खराब दिसतो. पण आता सरळ लिहितो.

चाकांची चूक माझी खरी चूक होती. मला कळलं नाही. पण चाकं परत गेली त्या दिवसांत काय झालं सांगतो. तारीख पुढे गेली ना, तर लीला संध्याकाळी माझ्याजवळ ओसरीवर बसायला लागली. आधी शाळा, मग किशोरीचं दुकान, मग फोन, ती असून नसल्यासारखीच. त्या दिवसांत मात्र बसायची. मला म्हणायची, आजोबा, ती बरुआसागरच्या बसची गोष्ट सांगा. अडखळत मराठी बोलते, “मैं आई” म्हणते आणि मग जीभ चावून “मी आले”. पण बोलते. दिवाकर माझ्याशी हिंदीत बोलतो, त्याची बायको हिंदीत, त्यांचा धाकटा तर समजलं तरी बोलत नाही. ह्याचा लग्नाशी काही संबंध नाही. मी आपलं सांगतो.

तर फोर्क आणायला गेलो तेव्हा लीलाने मला पक्कं करून पाठवलं होतं, सरळ दांड्याचा. दुकानदारानेही विचारलं, “दद्दा, फ्रेम पुरानी है तो सीधा लगेगा. पक्का मोटा वाला?”

मी म्हटलं, “पक्का.”

असं आहे, गोविंदराव. मी म्हटलं पक्का. मला माहीत होतं. कोणी लग्नाला नाही म्हणत होतं का? नाही. यशवंतासारखा मुलगा कुठे मिळणार, तुमच्यासारखं घर कुठे मिळणार? झाँसीत राहून आपल्या भाषेतलं स्थळ मिळणं किती अवघड आहे ते तुम्ही बबिन्याला पलटणीत नोकरीला होता तेव्हापासून बघितलंय. मीच तुमच्या मागे लागलो होतो. आणि मीच जाऊन म्हटलं पक्का. दुकानाबाहेर आलो तेव्हा लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं. माझ्याकडून एकदाच झालं हे. नाही, पॅडलच्या वेळीही झालं. दोनदा.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी खोटं केलं नाही. तेवढं लिहून ठेवतो. तारेचे की तेलाचे, ह्यावर ती किशोरीशी भांडत होती. तारेचे कुठेही दुरुस्त होतात, तेलाच्याला सामान लागतं. मी मध्ये पडलो. म्हटलं, चढताना काय, माणूस दमला तर उतरून चालतो. उतारावर उतरता येत नाही. दोन बोटांनी थांबेल असा ब्रेक घे. दुकानदाराकडे मी स्वतः बसलो, त्याला उलटसुलट विचारलं, आणि तेलाचे आणले. तिथे माझा हात लबाडी करायला तयार झाला नाही.

आता त्या चक्राचं. ते मी बरोबर आणलं होतं. थाळीएवढं. तरी लीला म्हणाली, चुकलंय, परत पाठवा. मी बांधलं, चौकात नेलं, परत पाठवलं. आधीचं पाप माझंच, तिला विचारणार कुठल्या तोंडाने? मग एक दिवस किशोरीच्या दुकानावरून जात होतो तर त्याने हाक मारली. “काय दद्दा, बिटिया काय कै रईं कै चक्का गलत है? है तो एकदम सई!” वर हसला. “तुमाए घर में सायकल बन रई कै सौतन आ रई?” म्हणजे घरात सायकल येतेय की कुणालाच नको असलेली सवत.

घरी येऊन मी लीलाला विचारलं, “ते चक्र बरोबर होतं?”

“होतं.”

“मग परत का पाठवलंस?”

ती म्हणाली, “आजोबा, तुम्ही दोनदा केलंत. मी एकदा केलं तर?”

तिला सगळं कळलं होतं. फोर्कच्या दिवशीच दुकानदाराने तिला फोनवर सांगितलं होतं. आणि ती गप्प बसली. कारण तिलाही ते सोयीचं होतं. मला हसू आलं आणि मग भीती वाटली. माझं मी जाणतो. पण हिला उशीर कशाला हवा? मी म्हटलं, “मुलगा आवडत नाही का? आत्ता सांग. मी तोंड देतो.”

“यशवंत चांगला आहे. बहुत अच्छा है.”

“मग?”

मग तिने फोन काढला आणि मला एक फोटो दाखवला. तुमच्या सूनबाईंनी, कमलिनीताईंनी पाठवलेला. तुमच्या नव्या दिवाणखान्याची भिंत. सोफ्याच्या वर, जिथे तुमचा पलटणीतला फोटो असायचा, तिथे दोन लोखंडी हुक ठोकले आहेत. रंग दिलेले, छान. वर दिव्याची सोय. खाली लिहिलं होतं, तुझ्या सायकलची जागा तयार आहे.

गोविंदराव, कमलिनीताईंनी हे मायेनेच केलं. मी उगाच दोष देणार नाही. कोणती सासू सुनेच्या रुखवतासाठी भिंत फोडते? लीलाने यशवंताला विचारलं तर तो म्हणाला, आईने हौसेने केलंय, लग्नानंतर बघू. हा “बघू” तिच्या मनात बसला. माझ्याही.

मी तिला समजावलं. म्हटलं, मोठ्या घरात असं असतं, हळूहळू सांगता येतं. तर ती म्हणाली, “सायकल भिंतीवर टांगतील. ठीक आहे. मला कुठे टांगणार?” असं थट्टेत म्हणाली. पण थाळीएवढं चक्र मागून घेणारी मुलगी ते परत पाठवते तेव्हा ती थट्टा नसते, हे मला सातवी शिकलेल्यालाही कळतं.

आता सर्वांत मोठी गोष्ट, जी पहिल्या पानावर लिहायला हवी होती. सायकल झाली आहे.

गेल्या आठवड्यातच झाली. त्या बोलण्यानंतर लीला म्हणाली, “चला आजोबा, आता खोटं पुरे, बांधून टाकू या.” दुकानदाराकडून तेच चक्र परत आणलं. अंगणात पोतं पसरलं. तिने फोर्क बसवला, साखळी घातली, गिअरची तार ओढली. मी पाने हातात देत होतो. दर वेळी चुकीचा पाना देत होतो, ह्या वेळी मुद्दाम नाही. शेवटी तिने चाक उचलून फिरवलं आणि ते कुठेही न घासता फिरत राहिलं, बराच वेळ. आम्ही दोघं बघत बसलो. मला तिच्या आजीची आठवण झाली. का ते माहीत नाही, तिला सायकल येत नव्हती.

रविवारी ती सायकल घेऊन बरुआसागरला गेली. मी नको म्हटलं. नवी वस्तू, रुखवताची, मांडायच्या आधी वापरायची नसते. ती म्हणाली, “मग ती वस्तू चालते की नाही हे कळणार कसं?” मी दिवसभर दाराशी. मोटारी, ट्रक, काय काय डोळ्यांसमोर येत होतं. दुपार कलली तेव्हा आली. तळ्याच्या काठाने आल्याच्या शेतांतून गेली होती, किल्ल्याच्या चढावर चढवली होती. चाकांना चिखल, दांड्यावर चिखल, तिच्या कपाळावरही. बकुळावहिनी बाहेर येऊन म्हणाल्या, “अगं बाई, रुखवताची सायकल ना ही!” लीलाने सायकल ओसरीला टेकवली आणि म्हणाली, “हीच. अशीच मांडायची.”

मी ती अजून धुतलेली नाही. रोज फडकं घेतो, जवळ जातो आणि परत येतो.

मुलीकडच्यांनी अट घालू नये, हे मला माहीत आहे. हे पत्र वाचून तुम्ही म्हणाल, जनार्दन म्हातारा झाला, एका सायकलीवरून सोयरीक मोडायला निघाला. मोडायची नाही हो. ती मोडली तर मला आणखी थोडे दिवस मिळतील, आणि असल्या दिवसांचं मी काय करू? लीला ओसरीवर बसून माझ्याशी मराठी बोलेल आणि डोळे तिचे घाटाकडे असतील. तिची आणि माझी लबाडी एकसारखी दिसली तरी एक नव्हती. मी तिला इथे ठेवायला बघत होतो. तिला तिथे यायचंच आहे. आपल्या पायांनी यायचं आहे, एवढंच.

अजून एक लिहायचं राहिलं. लिहू की नको, ह्यात शाई वाळली.

साखरपुड्याच्या दिवशी लीला म्हणाली, रुखवतात सायकल मांडीन, तेव्हा सगळे हसले. तुम्ही, मी, कमलिनीताई. हौसावहिनी हसल्या नाहीत. त्यांनी लीलाचा हात धरला आणि जेवणाची पानं मांडेपर्यंत सोडला नाही. मला तेव्हा नवल वाटलं. मग हात धुवायला मागे गेलो, तुमच्या गोठ्याकडे. गोठ्यात आता गुरं नाहीत. वर आढ्याला एक सायकल टांगलेली होती. निळी, बायकांची. टायर सुकून तडकलेले.

ती सायकल मी ओळखली. तुम्ही बबिन्याहून सुट्टीला झाँसीला आलात की छावणीतल्या त्या रिकाम्या रस्त्यावर वहिनी शिकायच्या, आधी माझ्या काळ्या सायकलीवर, मग तुम्ही ही निळी घेऊन दिलीत. तुम्ही मागे कॅरिअर धरून धावायचा. सुभेदार माणूस, धापा टाकत, “पुढे बघ, हौसा, पुढे बघ!” आणि वहिनी ओरडायच्या, “सोडू नका हो!” तुम्ही केव्हाच सोडलेलं असायचं. त्या लांब जायच्या, वळायच्या आणि तुम्ही मागे नाही हे बघून इतक्या हसायच्या की छावणीतले साहेब बंगल्यातून बघायचे. तुम्ही पेन्शनीत गेलात तेव्हा ती सायकल रेल्वेत चढवायला मीच मदत केली होती.

ती आढ्याला कधी गेली, कुणी टांगली, मी विचारत नाही. तुम्ही वाईट माणूस नाही, गोविंदराव. तुम्हीही कुणाला तरी “बघू” म्हणाला असाल. मीही माझ्या बायकोला पुष्कळ गोष्टींसाठी म्हटलं होतं.

तर माझं एवढंच मागणं. भिंतीवरचे ते हुक राहणार की उतरणार, हे मला कळवा. तुम्ही एकट्याने ठरवू नका, कमलिनीताईंनाही एकट्याने ठरवू देऊ नका. हौसावहिनींना विचारा. समोर बसवून विचारा, आणि त्या जे सांगतील तेच लिहून पाठवा. हुक उतरणार असले तर माघातलाच मुहूर्त धरा, मी तारीख मागणार नाही, तुम्ही द्याल ती. सायकल आणि नात दोन्ही मी स्वतः गाडीत बसवून देईन. नंतर माझं काय ते मी बघीन, त्याची काळजी तुमच्यावर नाही.

उत्तर लवकर पाठवा. मी उशीर केला, तसा तुम्ही करू नका. आमच्या टपालवाल्याला गल्ली सापडते. तरी मी रोज चौकात जाऊन उभा राहीन.

तुमचा, आणि वहिनींच्या उत्तराची वाट बघणारा,
जनार्दन